बाजार कोसळला की रिझर्व्ह बँकेने धावून जावे का?

सोमवार, २३ मार्च २०२०. आदल्या दिवशी जनता कर्फ्यूत थाळ्या वाजवून झाल्या होत्या आणि देश टाळेबंदीच्या उंबरठ्यावर उभा होता. त्या एका दिवसात मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, ३,९३५ अंकांनी खाली आला. टक्क्यांत सांगायचे तर १३ टक्क्यांहून अधिक. जानेवारीत ४२ हजारांपलीकडे गेलेला निर्देशांक २६ हजारांखाली आला होता. मुंबईपासून रेल्वेने रात्रभराहून दूर असलेल्या रायपुरातही त्याचे धक्के बसले. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांपासून चौबे कॉलनीतल्या फ्लॅटपर्यंत ज्यांनी ज्यांनी म्युच्युअल फंडात महिना दोन-चार हजार टाकले होते, त्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: रिझर्व्ह बँक काय करते आहे?

हा प्रश्न प्रत्येक पडझडीत येतो. १९९२ मध्ये आला, २००१ मध्ये आला, २००८ मध्ये तर रोज येत होता. बाजार चढत असताना मात्र तो कोणाला आठवत नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेने जरा कडक शब्द वापरला, तर तिला आनंदावर विरजण घालणारी म्हातारी ठरवले जाते.

छत्तीसगडच्या माणसाला हा प्रश्न आणखी एका अंगाने पडतो. हा धानाचा मुलूख आहे. २०२३ च्या हंगामापासून येथे सरकार शेतकऱ्याकडून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपये दराने घेते. बाजारात भाव पडला तरी सोसायटीच्या काट्यावर शेतकऱ्याला आपला भाव मिळतो. मग धानाला हमीभाव आहे, तर शेअरला का नसावा? सरकारने, नाही तर रिझर्व्ह बँकेने, पडत्या बाजारात थोडे शेअर विकत घेतले, तर कोट्यवधी कुटुंबांची पुंजी वाचणार नाही का?

प्रश्न भाबडा वाटतो, पण टाकाऊ नाही. जगातल्या एका मोठ्या मध्यवर्ती बँकेने तसे केलेही आहे. त्याचे काय झाले ते पुढे येईलच. आपल्याकडे मात्र कायदाच आडवा येतो. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचे १९ वे कलम या बँकेला काय काय करता येणार नाही ते सांगते. तिने व्यापारधंद्यात पडू नये आणि कोणत्याही कंपनीचे शेअर विकत घेऊ नयेत, एवढेच नव्हे तर शेअर तारण ठेवून कर्जही देऊ नये. कायद्यातच काही अपवाद सांगितले आहेत, पण पडत्या बाजाराला टेकू देणे त्यांत बसत नाही. ही बँक उभारणाऱ्यांना सट्टा ठाऊक होता. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाड तालुक्यातले. १९४३ मध्ये त्या खुर्चीवर बसण्याआधी ज्या मध्य प्रांतात रायपूर होते त्याच प्रांतात त्यांनी सनदी नोकरी केली होती, जमीनमहसुलाची आकारणी पाहिली होती. सावकाराच्या वहीत कर्ज कसे फुगते हे त्या कामात जवळून पाहायला मिळते.

तरीही बाजार कोसळला की रिझर्व्ह बँक गप्प बसत नाही. मग ती नेमके काय करते?

१७ मे २००४ चा सोमवार आठवावा. लोकसभेचे निकाल लागले होते, नव्या सरकारला डाव्या पक्षांचा टेकू लागणार होता आणि सरकारी कंपन्यांच्या विक्रीचे काय होणार या धास्तीने विक्रीचा मारा सुरू झाला. सेन्सेक्स एका क्षणी ८४२ अंकांनी खाली होता. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. दिवसअखेर ५६५ अंकांचे, म्हणजे ११ टक्क्यांचे नुकसान झाले. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने, तेव्हा वाय. वेणुगोपाळ रेड्डी गव्हर्नर होते, एक निवेदन काढले. बँकांना रोकड कमी पडू दिली जाणार नाही आणि लागतील तसे डॉलरही पुरवले जातील, असा त्याचा आशय होता. शेअरचा भाव किती असावा याबद्दल त्यात काही नव्हते.

या निवेदनामागचे कारण घरबसल्या दिसत नाही. शेअर घेतला-विकला की त्याचे पैसे ठरलेल्या दिवशी इकडून तिकडे जावे लागतात. हे पैसे बँकांतून फिरतात. दलालांच्या वतीने हमी बँकांनी दिलेली असते. भाव एकदम पडले की दलालांकडून जादा रक्कम मागितली जाते. ती नसेल तर त्यांचे शेअर विकले जातात, त्याने भाव आणखी पडतात. या गडबडीत एखाद्या बँकेने हात आखडता घेतला आणि एकाचे देणे अडले, तर त्याच्यावर विसंबलेल्या दुसऱ्याचे अडते. परदेशी गुंतवणूकदार पैसे काढून डॉलर मागतात, त्याने रुपया घसरतो. अशा वेळी ज्यांचा शेअर बाजाराशी काडीचाही संबंध नाही, त्या कारखान्यांचे धनादेशही अडू शकतात. रिझर्व्ह बँक धावते ती ही वाट मोकळी ठेवण्यासाठी. गाडीतल्या प्रवाशाचा खिसा कापला गेला तर स्टेशनमास्तर भरपाई देत नाही. पण रूळ उखडले तर त्याला जबाबदारी झटकता येत नाही.

अमेरिकेतही हेच घडले होते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथल्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी जेमतेम एका वाक्याचे निवेदन दिले: अर्थव्यवस्थेला लागेल ती रोकड पुरवण्यास बँक तयार आहे. बाजार सावरला. पुढे मात्र या औषधाची चटक लागली. बाजार पडला की फेडरल रिझर्व्ह व्याज उतरवणारच, असे दलालांनी गृहीत धरले आणि त्या भरवशावर अधिक धोका पत्करू लागले. आजोबा प्रत्येक वेळी दंड भरतात हे कळलेला नातू शाळेत कसा वागतो, ते घरोघरी ठाऊक आहे.

आता ज्यांनी खरोखरच शेअर विकत घेतले त्यांचे पाहू. हाँगकाँगने ऑगस्ट १९९८ मध्ये दोन आठवड्यांत ११,८०० कोटी हाँगकाँग डॉलरचे शेअर घेतले. तेथल्या चलनावर आणि बाजारावर सटोडियांनी एकाच वेळी हल्ला चढवला होता, तो परतवायचा होता. काम झाल्यावर पुढल्याच वर्षापासून ते शेअर एका फंडामार्फत लोकांना विकायला काढले. घाव एकदाच घातला, आणि तो लागला. जपानची गोष्ट वेगळी. बँक ऑफ जपानने डिसेंबर २०१० पासून शेअर बाजाराचे फंड विकत घ्यायला सुरुवात केली आणि थेट मार्च २०२४ मध्ये ती खरेदी बंद केली. तोवर तिच्या कपाटात खरेदीच्या भावाने ३७ लाख कोटी येनचा माल साठला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने हा साठा विकण्याची योजना जाहीर केली: वर्षाला सुमारे ३३ हजार कोटी येन. भागाकार करून पाहावा. शंभर वर्षे पुरून उरतील!

धानाच्या हमीभावाचे उत्तर येथे मिळते. सोसायटीने घेतलेले धान गिरणीत जाते, तांदूळ होतो, रेशनच्या दुकानातून कोणाच्या तरी ताटात पडतो. कोठार रिकामे होते, पुढच्या कार्तिकात पुन्हा भरते. शेअर कोणी खात नाही. मध्यवर्ती बँकेने घेतलेला शेअर कधी तरी पुन्हा बाजारातच विकावा लागतो, आणि ती विकणार एवढ्या बातमीने भाव पडतात. शिवाय धानाला पिकवण्याचा खर्च असतो, त्यावरून भाव ठरवता येतो. शेअरचा योग्य भाव कोणता, हे मुंबईतल्या कोणत्या अधिकाऱ्याने ठरवायचे?

शेअर तारण ठेवून कर्ज देण्याला बंदी का, हे तर मुंबईच्याच इतिहासात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भाग असलेली भारदस्त बँक, पण तिने शेअरच्या कागदांवर कर्जे वाटली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलैला हिशेब चुकवायची वेळ आली तेव्हा कागद कागदच राहिले. बँकेचे भांडवल धुऊन निघाले आणि १८६८ मध्ये ती मोडीत काढून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. त्या तेजीचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात तास वाजवतो.

पुढे सव्वाशे वर्षांनी कऱ्हाडला तेच झाले. हर्षद मेहता प्रकरण सगळ्यांना आठवते. बँक ऑफ कराडचे नाव फारसे निघत नाही. सातारा जिल्ह्यातली ही छोटी बँक. तिच्या मुंबईच्या व्यवहारांत दलालांसाठी बँक रिसीटा काढल्या गेल्या, म्हणजे ‘रोखे आमच्याकडे आहेत’ अशा पावत्या. आणि मागे रोखे नव्हतेच. या पावत्यांवर इतर बँकांनी दिलेला पैसा शेअर बाजारात गेला. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ पर्यंत चढला होता. प्रकरण फुटल्यावर २८ एप्रिलला एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक पडला. रिझर्व्ह बँकेने बाजाराला टेकू दिला नाही. बँक ऑफ कराडचा कारभार गुंडाळावा लागला आणि १९९४ मध्ये ती बँक ऑफ इंडियात गेली. रिझर्व्ह बँकेच्याच जानकीरामन समितीने या घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींवर नेला. येथे रिझर्व्ह बँकेला दोष द्यायचा तर बाजार पडताना काय केले यासाठी नाही. बाजार चढताना बँकांचा पैसा त्यात कसा शिरत होता, ते तिला वेळेवर का दिसले नाही, यासाठी द्यावा लागेल.

पडत्याला सावरण्याचा खरा धडा मात्र यूएस-६४ ने दिला. मध्यमवर्गीय मराठी घरात युनिट नाहीत असे फार थोडे असतील. मुलीच्या लग्नासाठी आणि निवृत्तीच्या रकमेसाठी ती घेतलेली असत. युनिट ट्रस्ट रिझर्व्ह बँकेच्याच पंखाखाली जन्मला आणि १९७८ मध्ये तिच्यापासून वेगळा झाला, पण लोकांच्या मनात तो सरकारीच राहिला. योजना शेअर बाजारात पैसा लावी आणि युनिटचा भाव मात्र बाजाराशी न जुळवता स्वतः जाहीर करी. १९९८ मध्ये बाजार उतरला तेव्हा उघड झाले की गंगाजळी संपून खड्डा पडला आहे. सरकारने धाव घेतली. ट्रस्टकडचे सरकारी कंपन्यांचे शेअर बाजारभावापेक्षा चढ्या किमतीत एका खास योजनेत घेतले. दीपक पारेख समिती नेमली गेली, तिने भाव बाजाराशी जुळवा असे सांगितले.

धोका टळला, असे सगळ्यांना वाटले. भाव जुळवण्याचे काम लांबणीवर पडले आणि ट्रस्टचा पैसा तेजीतल्या संगणक आणि करमणूक कंपन्यांत गेला. मार्च २००१ मध्ये केतन पारेखचा फुगा फुटला. २ जुलै २००१ रोजी यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद झाल्याची बातमी आली. चौदा रुपयांना परत घेतले जाणारे युनिट पुढच्या जानेवारीत मालमत्तेच्या हिशेबाने सहा रुपयांखाली निघाले. छोट्या धारकांना ठरावीक युनिटांपर्यंत १० ते १२ रुपये द्यावे लागले, आणि हा फरक करदात्याच्या खिशातून गेला. पहिल्या वेळी दिलेली मदत सुधारणेच्या अटीला बांधली असती, तर दुसरी वेळ आलीच नसती असे म्हणायला भरपूर जागा आहे.

आता पुन्हा २०२० कडे. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला, मे महिन्यात ४ टक्क्यांवर. बँकांनी तिच्याकडे ठेवायच्या राखीव रकमेत एक टक्का सूट दिली. तेवढ्याने सुमारे १ लाख ३७ हजार कोटी मोकळे झाले. एप्रिलमध्ये फ्रँकलिन टेंपलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्यावर म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खिडकी उघडली. गंमत अशी, की तिचा अगदी लहान भाग वापरला गेला. खिडकी उघडी आहे एवढे कळल्यावर धावाधाव थांबली. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजारांना हात लावला. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. २०२४ मध्ये ती पंधरा कोटींवर गेली.

म्हणजे सगळे गोडच? बाजारातल्यांसाठी, होय. ठेवीदाराचा हिशेब निराळा आहे. स्टेट बँकेची एक ते दोन वर्षांची मुदतठेव जानेवारी २०२० मध्ये ६.१० टक्के व्याज देत होती. मे अखेरीस ५.१० टक्के. निवृत्तीचे दहा लाख ठेवलेल्या माणसाचे वर्षाला दहा हजार रुपये गेले. त्या आर्थिक वर्षात महागाई सहा टक्क्यांवर होती, तेव्हा मुद्दलही आतून झिजत होते. शेअर न घेणारा, धोका नको म्हणून बँकेत ठेवणारा हा माणूस. बाजार सावरण्याच्या खर्चातला एक वाटा त्याने भरला, आणि त्याला कोणी विचारले नाही.

आणि स्वस्त कर्जाचा मोहही सर्वांना परवडत नाही. २०२१ मध्ये गृहकर्ज ६.७० टक्क्यांना मिळत होते. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर चढवत नेला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्के झाला. वीस वर्षांच्या तीस लाखांच्या कर्जाचा हप्ता, मुदत तीच ठेवून आणि वाढ पूर्ण लागू झाली असे धरून, २२,७०० वरून २७,३०० रुपयांच्या आसपास जातो. घरखर्चात दरमहा साडेचार हजारांची ही भर म्हणजे एका मुलाच्या शाळेची फी.

दुसरी बाजूही लहान नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळल्यावर सुरुवातीला तेथल्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेने पैसा सोडला, पण नंतरच्या तीन वर्षांत हजारो बँका बुडत असताना वरिष्ठ हात बांधून बसले. महामंदी बाजार पडल्याने आली त्यापेक्षा बँका पडल्याने लांबली, असे पुष्कळ अर्थतज्ज्ञ मानतात. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने राखीव रकमेचे प्रमाण ऑक्टोबर ते जानेवारीत ९ वरून ५ टक्क्यांवर आणले, तेव्हा टीकाकार म्हणाले, हे दलालांसाठी चालले आहे. रायपूरकरांना तसे म्हणता येणार नाही. त्या हिवाळ्यात जगभर पोलादाचे भाव कोसळले होते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलवर उभ्या आहेत. अशा कारखान्याला सेन्सेक्स कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसते. खेळते भांडवल बँक देते की नाही, यावर त्याचा पगाराचा दिवस ठरतो. शिवाय ‘बाजार’ म्हणजे आता फक्त सटोडिये नाहीत. भविष्य निर्वाह निधीचा पैसा ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजाराच्या फंडांत जातो. आधी नव्या जमेच्या ५ टक्के, पुढे १५ टक्के. गिरणीतला कामगारही नकळत भागधारक झाला आहे.

म्हणून रोकड पुरवावी, भाव सांभाळू नये, ही रेषा रिझर्व्ह बँकेने बऱ्यापैकी पाळली आहे असे म्हणावे लागते. तिची ढिलाई दिसते ती दोन जागी: तेजीत लगाम खेचायला होणारा उशीर, आणि दिलेला स्वस्त पैसा परत घ्यायला होणारा उशीर. २००९ नंतर महागाई दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिली, आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत तेरा वेळा दर चढवावे लागले. बाजार पडतो तेव्हा एका रात्रीत निर्णय होतो. बाजार चढल्यावर बैठकांमागून बैठका होतात.

बँक बुडणे आणि शेअर बुडणे यांतला फरक रायपूरने स्वतः पाहिला आहे. २००६ मध्ये येथली इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक बंद पडली आणि हजारो ठेवीदार, त्यांत घरखर्चातून पैसे साठवणाऱ्या कितीतरी बाया, रस्त्यावर आल्या. तेव्हा ठेवीवरचा विमा माणशी एक लाखापर्यंत होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला आहे. एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी, व्याजासह, मिळून पाच लाख. बचत, चालू, मुदत, आवर्ती, सगळी खाती त्यात धरली जातात. पत्नीच्या नावावरची स्वतंत्र ठेव वेगळी मोजतात. त्याच बँकेच्या काउंटरवरून घेतलेल्या म्युच्युअल फंडाला हा विमा लागू नाही, आणि अर्जावर सही करताना ते सांगायला तेथला माणूस बहुधा विसरतो.